दोन शिट्ट्या म्हणजे चला

चाकूरच्या ग्राउंडवर एक शिट्टी झाली की थांबायचं आणि दोन झाल्या की चालू ठेवायचं. असं फुटबॉलच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. हे एसटीतलं आहे. एक बेल म्हणजे थांबवा, डबल बेल म्हणजे जाऊ द्या. अण्णारावांनी लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टरकीत सगळी उमर घालवली आणि मिळेल त्या सुट्टीला ते या ग्राउंडवर रेफरी म्हणून उभे राहिले. तिकडची घंटी इकडच्या शिट्टीत कधी शिरली, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

समजा, एका पोरीला ढकललं. फाउल झाला. पण चेंडू तिच्याच मैत्रिणीच्या पायात गेला. आता खेळ थांबवला तर जिला पाडलं तिचंच नुकसान. अशा वक्ताला रेफरीनं दोन्ही हात पुढं करून ‘चालू द्या’ अशी खूण करावी, असं पुस्तक म्हणतं. अण्णाराव हातबीत करत नसत. ‘पी-पी!’ चाकूरच्या पोरी त्यांच्याच गाडीनं शाळेला गेलेल्या. पी-पी ऐकलं की त्या सुसाट सुटायच्या.

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळं बाहेरगावच्या टीमला आधी वाटायचं, हे शाळेतले कुणी सर आहेत. पहिली ऑफसाइड दिली की तो समज फिटायचा.

“चेंडू निघायच्या आधीच पुढं जाऊन बसलीस? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायलीस का?”

हँडबॉल झाला की, “हात आत घ्या, हात!” पिवळं कार्ड दाखवताना, “हे बघ, पुढच्या स्टॉपला उतरवीन.” आणि लाल कार्डाला दोनच शब्द. “उतर खाली.”

या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं. जवान होते तेव्हा एकदा ग्राउंडच्या कडेलाच गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर जॅक लावत होता आणि ग्राउंडवर दोन टीमा गोल झाला की न्हाई यावरून एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होत्या. अण्णाराव खाली उतरले. गाडी रिव्हर्स घ्यायची शिट्टी गळ्यात होतीच. त्यांनी ती जोरात एकदा फुंकली. बावीसच्या बावीस थांबले. एवढंच कशाला, जॅक फिरवणारा ड्रायव्हरसुद्धा थांबला.

“म्या बघितलंय. गोल हाय. फैसला झाला. चला.”

दोन्ही टीमा आपापल्या जागी गेल्या. तेव्हापासून ग्राउंडवरचा फैसला अण्णारावांचा. गाडी लेट झाली तरी चालेल, फैसला लेट व्हायला नको, हे त्यांचं म्हणणं. पोरगं अर्ध्या तिकिटाचं की पूर्ण, हे ते पायरीवर पाऊल पडायच्या आत सांगत. “माय, ह्याला मिसरूड फुटलंय आन् तू ह्याला कडेवर घेतलीस?” झालं. तिकीट फाटलं.

रिटायर झाले तरी घंटी काही अंगातून गेली नाही. सकाळी मारुतीला जायचे तेव्हा पायरीवर पाय टाकताना आत कुणी घंटा एकदाच वाजवली की अण्णाराव तिथंच, एक पाय वर, एक खाली. दुसरी ‘टण’ झाल्याशिवाय वरचा पाय पुढं सरकायचा नाही. मागं ताट घेऊन उभ्या गुणाबाई वैतागायच्या.

“आवं, चला की! देव काय लातूर स्टँड हाय का?”

“आगं, मी कुठं थांबलोय. पाय थांबलेत.”

*

सगळी भानगड कतारच्या वर्ल्ड कपापासून सुरू झाली. अख्ख्या चाकूरनं मोबाइलवर मॅचा बघितल्या आणि गावाला एक नवीन गोष्ट कळाली, की रेफरीला परत बघता येतं. तो कानात बोट घालून उभा राहतो, मग हातानं हवेत चौकोन काढतो, कडेच्या टीव्हीवर जाऊन बघतो आणि दिलेला गोल परत घेतो. अंगठा पुढं होता म्हणून ऑफसाइड! पोरींना ते एवढं आवडलं, की दुसऱ्या दिवसापासून थ्रो-इनला चौकोन, कॉर्नरला चौकोन. शाळेत मार्क कमी पडले तरी चौकोन.

“व्हीएआर घ्या मास्तर, व्हीएआर!”

“टीव्ही पाहिजे का? हप्त्यानं भेटतोय. लातूरला जा.”

व्हीएआर म्हणायला तोंडात अडकतं, म्हणून गावानं त्याचा ‘वार’ केला. एकदा घराच्या दारातून चार पोरी ओरडत गेल्या, “मास्तर, वार बघा, वार!” गुणाबाईंनी आतूनच सांगितलं, “शनिवार हाय गं. आज अंडी न्हाईत घरात.”

अण्णारावांनीही त्या मॅचा बघितल्या. त्यांना टीव्हीतला रेफरी बिलकुल पटला नाही. शिट्टी हातात धरून नुसता पळायचा. समोर माणूस पडलाय, ह्याची शिट्टी काही वाजत नाही. चेंडू गोलात जाऊ द्यायचा, सगळं होऊ द्यायचं, आणि मग ‘पीऽऽ’.

“शिट्टी वाजवायला भितंय ते,” अण्णाराव चहाच्या टपरीवर म्हणाले. “वाजवायची न्हाई तर गळ्यात कशाला बांधली? नजर लागू नये म्हणून?”

टपरी हसली. देविदासराव हसले नाहीत. देविदासरावांचं खतं-बियाण्यांचं दुकान, आणि जानेवारीतल्या मुलींच्या टूर्नामेंटचे अध्यक्ष तेच. त्यांना सगळं ‘लेवलचं’ पाहिजे असायचं. ते बोलायचेही माईकवर बोलल्यासारखं, समोर एकच माणूस असला तरी.

“मास्तर, या खेपेला, आपण, लेवलचं करायलाव. आदर्शची एलईडी स्क्रीन लावायलाव. वार आणायलाव.”

“लावा की.”

“तसं न्हाई. कमिटीचं ठरलंय. स्क्रीननं तुमचा एक जरी फैसला खोटा ठरवला, तर पुढच्या साली रेफरी नांदेडहून. लायसनवाला. मग तुम्ही, खुर्चीवर, आमच्या शेजारी. शाल देऊ.”

अण्णारावांनी कपातला चहा संपवला. शिट्टी गेली तर उरलं काय? सकाळी मारुती, दुपारी झोप आणि देविदासरावांच्या शेजारी खुर्ची. पण हे त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

“एक कशाला, दोन स्क्रीनी लाव,” ते म्हणाले. “एक मला भांग पाडायला.”

*

आदर्श म्हणजे लग्नांच्या व्हिडिओवाला. स्क्रीन त्याची, कॅमेरे त्याचे, आणि काँप्युटरही लग्नांतलाच. त्यामुळं पहिल्या दिवशी पहिला रिप्ले लागला तेव्हा आधी दोन हृदयं आली, त्यातून ‘शुभ विवाह’ फुटलं, आणि मग स्लो मोशनमध्ये अहमदपूरच्या पोरीनं उदगीरच्या पोरीला घातलेली लाथ दिसली. वरून गुलाबाच्या पाकळ्या.

“आदर्श, पाकळ्या काढ रे!”

“निघत न्हाईत काका, टेम्प्लेटमध्येच हायत!”

पाकळ्यांतून का होईना, लाथ दिसली. मास्तरांनी फाउल दिलाच होता. दुसऱ्या दिवशी ऑफसाइडसाठी आदर्शनं स्क्रीनवर रेघ मारली, ती तिरकी आली. “रेघ वाकडी हाय!” एक बाजू ओरडली. “रेघ सरळ हाय, ग्राउंड उताराचं हाय!” दुसरी ओरडली. आदर्शनं रेघ सरळ केली. पोरगी हातभर पुढं होती. मास्तर बरोबर. तिसऱ्या दिवशी हँडबॉल, तोही बरोबर. दर खेपेला लोक शिट्ट्या मारायचे आणि अण्णाराव स्क्रीनकडं पाठ करून उभे. लोकांच्या आवाजावरूनच त्यांना कळायचं, आणि तशीही त्यांना काळजी नव्हती. जे डोळ्यांनी बघितलंय ते पेटीत काय वेगळं दिसणार?

फायनलला चाकूरसमोर किनवटच्या एका हॉस्टेलची टीम आली. पोरी काटक. त्यांची कॅप्टन मनिषा गोलकीपर, बोलायला कमी आणि उडी मारायला जास्त. टॉसच्या वक्ताला अण्णारावांनी चाकूरच्या पुनमला आणि तिला समोर उभं केलं आणि बाहेरगावच्या प्रत्येक टीमला सांगायचे तसं सांगितलं. आदर्शचा कॅमेरा अगदी तोंडापाशी.

“एक शिट्टी, थांबायचं. दोन शिट्ट्या, चालू ठेवायचं. ध्यानात आलं का?”

“हाव सर,” मनिषा म्हणाली.

मॅच अशी काही रंगली की भजीवाल्याची कढई थंड पडली. गोल कुणाचाच होईना. पुनमनं मारलेला प्रत्येक चेंडू मनिषा असा धरायची, जसा कुणी तिच्याकडं सांभाळायलाच दिलाय. शेवट जवळ आला. मैदानाच्या मध्यावर किनवटच्या एकीनं पुनमला मागून ढकललं, पुनम तोंडावर पडली, पण चेंडू घरंगळत तिच्याच टीमच्या गीतांजलीकडं गेला. पुढं रान मोकळं.

‘पी-पी!’

गीतांजली सुटली. आणि किनवटच्या अकराच्या अकरा पोरी थांबल्या. नुसत्या थांबल्या नाहीत, बाजूला झाल्या. मध्ये रस्ता सोडून दोन्हीकडं उभ्या. मनिषासुद्धा गोल सोडून खांबापाशी जाऊन उभी राहिली, अंग चोरून. चेंडू तिच्यासमोरून एक्सप्रेससारखा धडधडत जाळीत गेला.

चाकूर उठलं. टोप्या वर गेल्या, ढोल वाजला. मनिषा मात्र पळत अण्णारावांपुढं आली आणि तिनं हवेत चौकोन काढला.

“सर, शिट्टी झाली होती. बघा.”

“बघा की,” अण्णाराव म्हणाले. “आदर्श! फाउल न्हाई दाखवायचा. टॉस दाखव. आवाज मोठा कर.”

हृदयं आली, शुभ विवाह आलं, पाकळ्या आल्या. त्या पाकळ्यांत अण्णाराव स्क्रीनभर झाले आणि त्यांचा आवाज ग्राउंडभर घुमला. ‘एक शिट्टी, थांबायचं. दोन शिट्ट्या, चालू ठेवायचं.’ पाठोपाठ मनिषाचा बारीक ‘हाव सर’. मग आदर्शनं गोलाआधीची शिट्टी ऐकवली. पी-पी. दोन. स्वच्छ दोन.

देविदासरावांनी माईक हिसकावला. “स्क्रीननं, सिद्ध केलंय! मास्तर, बरोबर! मास्तरांचा फैसला, कायम!”

लोकांनी असा गलका केला की लिंबावरचे कावळे उडाले. शिट्टी राहिली. पुढच्या सालीही राहिली. अण्णारावांच्या छातीत गरम चहा गेल्यासारखं झालं. त्यांनी मनिषाकडं बघितलं. रडत नव्हती ती. हिशेब चुकल्यावर मुकाट्यानं उभं राहावं तशी उभी होती.

“तू हाव म्हणालीस का न्हाई, बाई?”

“हाव म्हटलं सर. ध्यानातबी होतं,” ती म्हणाली. “पण आमचं हॉस्टेल रुळाच्या अलीकडं, ग्राउंड रुळाच्या पलीकडं. रोज रूळ ओलांडून खेळायला जातो. शिट्टी आली का सगळ्या पोरी बाजूला होतेत. एक वाजू की दोन, कोणी मोजत नाही बसत. आता बी तसंच झालं. डोक्याला माहीत होतं सर, पाय ऐकून नाही राहिले.”

पाय ऐकून नाही राहिले.

अण्णारावांना मारुतीची पायरी दिसली. एक पाय वर, एक खाली, आणि मागं ताट धरून उभी गुणाबाई. आगं, मी कुठं थांबलोय. आता ह्या पोरीला काय सांगायचं? की तुझे पाय चुकले, माझे बरोबर?

आणि मग त्यांना तो टीव्हीतला रेफरी आठवला, शिट्टी हातात धरून पळणारा. ते भीत नव्हतं. एकदा शिट्टी फुंकली की खेळ मेला, पुढचा गोल गोल नसतोच, मग टीव्हीत काहीही दिसो. म्हणून ते दम धरून पळायलं होतं. हे पुस्तकात पहिल्यापासून होतं. अण्णारावांनी ते वाचलंही होतं. पण चाकूरमध्ये कधी कुणी दोन शिट्ट्यांना थांबलंच नव्हतं, म्हणून ते पान तसंच राहून गेलं होतं. एसटीवाल्याला एसटीवाले भेटत गेले. आज पहिल्यांदा रेल्वेवाले भेटले.

स्क्रीन त्यांना खरं म्हणत होती, गाव खरं म्हणत होतं. अण्णाराव मैदानाच्या मधोमध गेले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढला. मोठा. दरवाजाएवढा.

“गोल रद्द!” ते एसटीत मागच्या सीटपर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाले. “म्या शिट्टी वाजवली, खेळ तिथंच थांबला. एक वाजवली का दोन, शिट्टी ती शिट्टी. चाकूरची फ्री किक, पुनम पडली तिथून. फैसला झाला. चला.”

“आवं मास्तर!” “गावचे का किनवटचे?” “तिकीट फाडून परत घ्यायलाव का?” पुनम पळत आली. “मास्तरमामा, आपला गोल होता की वो!”

“होता. म्याच मोडला. तुझ्या पायात अजून एक हाय का न्हाई? मग जा, मार.”

पुनमनं खरंच जीव खाऊन मारली. लांबून, उंच, वळत. आणि मनिषा उडाली. या खेपेला कुठली शिट्टी नव्हती आणि बाजूला व्हायचं कारण नव्हतं. तिनं चेंडू असा छातीशी घेतला की चाकूरच्याच काही बायांनी टाळ्या वाजवल्या आणि मग जीभ चावली.

पुढं पेनल्टीवर किनवट जिंकलं.

*

बक्षिसं वाटताना देविदासरावांचं तोंड कारल्यासारखं झालं होतं. किनवटच्या पोरींचा नाच संपल्यावर ते अण्णारावांना बाजूला घेऊन म्हणाले, आणि बाजूला घेतलं तरी आवाज माईकचाच, “मास्तर, कमिटीची, अट होती. फैसला फिरला. पुढच्या साली, नांदेडहून.”

“अट काय होती, परत सांगा.”

“फैसला खोटा ठरला तर.”

“कुणी ठरवला तर?”

“स्क्रीननं.”

“मग स्क्रीननं काय ठरवलं?” अण्णारावांनी मान न वळवता हाक मारली. “आदर्श! अध्यक्षांचं भाषण हाय का रे त्यात?”

आदर्शला असल्या कामाला दोनदा सांगावं लागत नाही. हृदयं आली. शुभ विवाह आलं. आणि गुलाबाच्या पाकळ्यांत न्हाऊन निघालेले देविदासराव, तोंड उघडं, माईक ओठाला लागलेला, स्लो मोशनमध्ये: ‘स्क्रीननं… सिद्ध… केलंय… मास्तर… बरोबर…’

घरी निघालेलं गाव परत फिरलं. लोक पोट धरून बसले. “अजून एकदा!” कुणीतरी चौकोन काढून ओरडलं, आणि आदर्शनं अजून एकदा लावलं.

“मला स्क्रीननं खराच ठरवलं,” अण्णाराव म्हणाले. “फिरवला तो म्या. त्याची अट तुम्ही घातलीच न्हाई.”

देविदासराव बराच वेळ स्क्रीनवरच्या स्वतःकडं बघत राहिले. “ह्या अँगलनं,” शेवटी ते पुटपुटले, “मी, लेवलचा दिसायलोय का रे?” आणि पुढच्या सालचा विषय तिथंच संपला.

पुढच्या जानेवारीत किनवटची टीम परत आली. अण्णाराव टॉसला उभे होते, गळ्यात तीच शिट्टी. मनिषा हसून म्हणाली, “सर, आम्ही घोकून आलो. एक थांबायचं, दोन चालायचं.”

“विसर ते,” अण्णाराव म्हणाले. “शिट्टी झाली की थांबायचं. बास.”

“अन् चालू ठेवायचं असलं तं?”

ते पुस्तकातले दोन हात अण्णारावांना काही जमेनात. हात पुढं केले की देवाकडं काहीतरी मागितल्यासारखं वाटायचं. खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं किनवटच्याच एका पोरीला पुनमनं पाडलं आणि चेंडू नेमका पडलेलीच्याच मैत्रिणीपुढं गेला. अण्णारावांची शिट्टी ओठाशी गेली. आणि तिथंच थांबली. मग, घंटीची दोरी तुटलेली असली की कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर मारतो तसं, त्यांनी स्वतःच्या मांडीवर जोरात हाणलं.

धप-धप!

“जाऊ द्याऽऽ!”

किनवटच्या पोरी सुटल्या.